कोमट पाणी

आबांच्या बोटांना काही कळायचंच नाही. जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीतून निघालेल्या लालभडक सळया चिमट्यानं ओढण्यात माझ्या बापाची उमर गेली. तळहाताची कातडी अशी मेली होती, की चुलीवरचं भगुनं ते फडक्याशिवाय उतरवायचे. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो, "आबा, परत दाखवा!" अन् ते खुशाल दाखवायचे. कसली मेली ती मजा!

ते रिटायर झाले त्याच साली मी बाळंतपणाला जाफराबादहून माहेरी आले. मुलगी झाली. आबा पार येडे झाले तिच्यापायी. आमच्या लहानपणी पाळ्या करून यायचे अन् झोपायचे. तेव्हाचं राहिलेलं सगळं लाड करणं आता नातीवर. पुढं पुढं तर तिला आंघोळही तेच घालू लागले. आई ओरडायची, पण ऐकतील तर शपथ.

एक दिवस आई भाजीला गेल्ती, मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. आबांनी पाणी काढलं, हात घालून बघितलं. त्यांना ते कोमट लागलं. पोरीचा पाय पाण्यात गेला अन् तिनं जी किंकाळी फोडली, ती अजून माझ्या कानात आहे. पाऊलभर फोड आले.

आई आल्याआल्या म्हणाली, "तुमच्या हातात जीव न्हाई, मंग लेकराला कशाला लावता?" असा राग आला मला तिचा! बोलायची काही रीत असते की नाही? पण भाजलेलं लेकरू माझंच होतं.

फोड बरे झाले, पावलावर डाग राहिला. आबांनी मात्र तिला परत हात लावला नाही. पुढं ती चालू-बोलू लागली, आम्ही माहेरी आलो अन् ती गळ्यात पडायला धावली, की हे हात पाठीमागं घ्यायचे. खाऊसुद्धा ओट्यावर ठेवून, "घे बाई," म्हणायचे. "आबांना मी आवडत न्हाई का गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती तडक जाऊन पाऊल दाखवून आली, "बघा, बिलकुल दुखत न्हाई." आबांनी मान हलवली. हात मागंच.

या हिवाळ्यात आबा गेले. अंगणात विटा मांडून शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवलं. भावकीतल्या एकानं बादली उचलली, तेवढ्यात माझी पोरगी पुढं झाली. कॉलेजात जाते आता. तिनं बादलीत हात घातला.

"थांबा. गरम आहे."

"आता त्यांना काय कळतंय, बाई?"

"आधी तरी कुठं कळायचं," म्हणाली, अन् गार पाणी ओतून परत हात घालून बघितलं.

मग तिनं आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून सावकाश धुतला. या वेळी त्यांना तो मागं घेता आला नाही.