सरकारी वकिलाला शाल-श्रीफळ

शनिवारी इथे अमेरिकेत, बॉथेलला, आमच्या मराठी मंडळाचा गणपती झाला, आणि माझं डोकं आज बुधवारपर्यंत तापलेलंच आहे. कारण प्रमुख पाहुणे... आणि पाहुण्यांपेक्षा जास्त आपलीच माणसं.

पाहुणे म्हणजे आमच्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, प्रॉसिक्यूटर. सरकारी वकीलच, पण इथे हा माणूस चक्क मतं मागून निवडून येतो! कोणावर केस भरायची आणि कोणाला सोडायचं, हे त्याचं ऑफिस ठरवतं. नोव्हेंबरमध्ये निवडणूक, म्हणून साहेब सध्या दिसेल त्या हॉलमध्ये शिरतायत.

आता मला सांगा, आमच्या हॉलमधले निम्मे लोक एच-वन व्हिसावर, उरलेले बहुतेक ग्रीन कार्डच्या रांगेत. मताचा अधिकार आहे कोणाला? पण आमच्या अध्यक्षांना, शिरीषला, त्याचं काय! एवढा मोठा माणूस येतोय, फोटो झाला पाहिजे.

मला मात्र त्या माणसाकडून एकच गोष्ट हवी होती, मंडळातल्या आमच्या सुलभाकाकूंसाठी. जानेवारीत त्यांचे मिस्टर, आमचे काका, सकाळी फिरायला गेले होते, क्रॉसवॉकवरून रस्ता ओलांडत होते आणि एका गाडीनं त्यांना उडवलं... काका जागच्या जागी गेले. ड्रायव्हरवर केस होणार की नाही, ते आठ महिने ठरत नव्हतं. काकू दर आठवड्याला त्या ऑफिसला फोन करायच्या आणि दर आठवड्याला तेच उत्तर, 'अंडर रिव्ह्यू', म्हणजे विचार चालू आहे.

म्हणून मी शिरीषच्या मागे लागून प्रश्नोत्तरांसाठी दहा मिनिटं मागून घेतली होती. पण आपला कार्यक्रम तो! दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय... पाहुण्यांना सात वाजता निघायचं होतं आणि पावणेसात स्टेजवरच वाजले. यार, मी मागे उभी राहून नुसती दातओठ खात होते.

त्यात साहेबांचं भाषण. सगळा भर गाड्यांच्या चोऱ्यांवर. गाडी चोरणाऱ्याला मी जेलमध्ये घातल्याशिवाय राहणार नाही, हीच माझी प्रायॉरिटी वगैरे. टाळ्या! ज्यांना मत नाही त्यांच्याच जास्त.

मी खुणा केल्या तर शिरीष कानात म्हणतो, पाहुण्यांना असं अडचणीत आणायचं नसतं, प्रश्न ईमेलनं पाठवू. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. आणि पुढे कहर म्हणजे, ज्येष्ठ सभासद म्हणून पाहुण्यांचा सत्कार करायला बोलावलं कोणाला, तर सुलभाकाकूंनाच!

काकू शांतपणे वर गेल्या. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली. नारळ मात्र दिलाच नाही. तो तसाच हातात धरून त्या माइककडे वळल्या आणि इंग्रजीत, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "माझे मिस्टर क्रॉसवॉकवर गाडीखाली गेले. फाइल आठ महिने तुमच्याकडे आहे. ती गाडी चोरीची असती, तर फाइल लवकर उघडली असती का?"

शिरीष माइक घ्यायला धावला, पण पाहुण्यांनीच त्याला हातानं थांबवलं. केसबद्दल इथे बोलता येणार नाही, म्हणाले, पण मला ही फाइल माहीत नाही, आणि ती माहीत असायला हवी होती. काकांचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग काकूंनी नारळ दिला.

नंतर चहाच्या टेबलाशी शिरीष काकूंवरच घसरला, मंडळाची शोभा झाली म्हणून! मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "अरे शिरीष, तुला मत आहे का इथे? मला आहे." मी तिथेच दोन मोदक जास्त खाल्ले.

आज सकाळी काकूंचा फोन आला. प्रॉसिक्यूटरनी स्वतः फोन केला होता. त्यांनी पूर्ण फाइल वाचली. ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, भरधावही नव्हता, समोरून ऊन डोळ्यांवर आलं... इथल्या कायद्यानं हा गुन्हा होत नाही, नुसतं ट्रॅफिकचं तिकीट, म्हणजे दंड. केस होणार नाही.

मी फोनवरच भडकले. एवढं करून शेवटी नाहीच ना! काकू रडत होत्या, पण मलाच समजावत होत्या. "अगं, नाही म्हणाला... पण मला म्हणाला. ह्यांचं नाव घेऊन म्हणाला. आठ महिने कोणी तेवढंही केलं नव्हतं."

माझा राग काही जात नाहीये, खरं सांगते. पण काकू, त्या स्टेजवर तुम्ही उभ्या राहिलात, थँक यू.

फोन ठेवताना मी विचारलंच, मग मत देणार का त्याला? पलीकडे काकूंनी नाक पुसल्याचा आवाज आला.

"कळव त्याला," म्हणाल्या, "अंडर रिव्ह्यू आहे."