चपलांची राखण

मलेशियाच्या सहलीचं रंगीत पत्रक मुलाने घरी आणलं तेव्हा मी त्यातलं एकच चित्र नीट पाहिलं. हिरवा डोंगर, त्यावर एकावर एक चढत गेलेली लाल-पिवळी छपरं आणि सगळ्यांच्या वर उभी असलेली देवीची प्रचंड मूर्ती. सून म्हणाली, हे बौद्ध मंदिर आहे, ही करुणेची देवी, चिनी लोक हिला फार मानतात. बाकीच्या चित्रांत उंच इमारती आणि मॉल होते. मॉल आमच्या वर्तकनगरहून रिक्षाने गेलं की दिसतात. त्यासाठी विमानात बसायची गरज नव्हती. ते देऊळ बघायचं म्हणून मी हो म्हटलं.

सोबतीला डोंबिवलीची धाकटी जाऊ. ती बँकेतून निवृत्त झाली आहे, आणि बँकेत जे करायची तेच आता घरी करते, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं करणं. आमचा सगळा गट डोंबिवली, कल्याण, ठाकुर्लीचाच होता. बरोबर आपला स्वयंपाकी. त्यामुळे परदेशात सकाळी पोहे आणि रात्री वरणभात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती बसवण्याची. पहिल्या दिवशी उंच मनोऱ्यावर सगळे गेले, मला खाली सोफ्यावर बसवलं. दुसऱ्या दिवशी बागेत गेले, मला फाटकाशी बाकावर. टूर मॅनेजर म्हणजे माझ्या नातवाच्या वयाचा मुलगा. रोज गोड बोलायचा. "आजी, तुम्ही इथे आरामात बसा, वर काही विशेष नाही." विशेष नाही तर लोकांना कशाला नेतोस, असं मी विचारलं की हसायचा. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. पण ते बसूनही दुखतात.

मी जावेला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "उद्या मी बसणार नाही. उद्याच्यासाठी मी आले आहे."

"हो हो वहिनी, उद्या तुम्हाला अगदी वरपर्यंत नेऊ," ती म्हणाली.

सकाळी बसने आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. गाडी कुठे उभी करायची यावरून ड्रायव्हरचं आणि मॅनेजरचं काहीतरी चाललं होतं. मॅनेजर म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आम्ही निघालो. पहिली कमान आली, दोन्ही बाजूंना तोंड वासलेले दगडी सिंह. कल्याणचे एक काका सगळ्यांत पुढे होते. कमान दिसताच त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. मग काय, एकाने काढल्या की आपल्याकडे दुसरा विचारत नाही. भराभर सगळ्यांनी काढल्या. चपला, सँडल, बूट, बुटांत कोंबलेले मोजे. कमानीच्या कडेला हा ढीग झाला.

कुणीतरी म्हणालं, "इथे काढायच्या असतात ना नक्की?"

"अहो, विहारातसुद्धा बाहेरच काढतात," ठाकुर्लीच्या बाई म्हणाल्या. "देऊळ म्हणजे देऊळ."

मुलाने मला चिकटपट्टीचे बूट घेऊन दिले होते. ते काढायला वाकावं लागतं, म्हणून मी बसायला कठडा शोधत होते. तेवढ्यात काका म्हणाले, "पण या चपलांचं काय? परका देश आहे. कुणीतरी थांबायला हवं."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मी थांबणार नाही," मी म्हटलं.

"वहिनी, आम्ही असे जाऊन असे येतो. मग तुम्हाला सावकाश घेऊन जाते ना मी," जाऊ म्हणाली. "तुम्ही बूट काढूच नका. किती सोयीचं!"

मी पुढे काही बोलायच्या आत ते सगळे अनवाणी पायऱ्या चढून गेलेसुद्धा. जाता जाता काका ओरडले, "आजी, लक्ष असू द्या हां, माझ्या नव्या आहेत!"

मी कठड्यावर बसले. ऊन चढत होतं. कमानीतून माणसं जात होती आणि मी त्यांचे पाय बघत होते, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. चिनी कुटुंबं, गोरे पर्यटक, काठी टेकत चाललेली एक म्हातारी. सगळे पायताणासकट वर जात होते. एकानेही काढलं नाही. एक गोरी बाई माझ्यासमोर थांबली. वाकून तिने ढिगातली जावेची सँडल उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि बोटं एकमेकांवर चोळून मला भाव विचारला. मी ती तिच्या हातातून काढून घेतली.

मग मॅनेजर धावत आला. ढीग बघून त्याने कपाळावर हात मारला.

"अहो आजी, चपला कुणी काढायला सांगितल्या? इथे काढत नाहीत! सगळीकडे फरशी आहे, तापलेली असेल."

"मला काय विचारतोस? माझे पायात आहेत."

"थांबा, मी त्यांना परत बोलावतो. तुम्ही बसा इथेच."

"आता का बसू? काढायच्याच नव्हत्या ना?"

"नव्हत्या. पण आता काढल्यात ना आजी. बघायला कुणीतरी नको का?"

एवढं बोलून तो पायऱ्यांवरून दिसेनासा झाला. मी थोडा वेळ त्या ढिगाकडे बघितलं. घरी मी लोकांची पोरं सांभाळली, सासूचं आजारपण सांभाळलं, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. पण समुद्र ओलांडून कल्याणच्या माणसाच्या चपला सांभाळायला मी आले नव्हते. मी उठले आणि वर निघाले.

पायऱ्या अंगावर येणाऱ्या होत्या. दोन्ही बाजूंना कपड्यांची, खेळण्यांची दुकानं. चार पायऱ्या चढायच्या, कठडा धरून उभं राहायचं. पुढे कासवांचं तळं लागलं, मग मोठी दालनं, भिंतभर बसलेले लहान लहान बुद्ध, उदबत्तीचा दाट वास. थांबून बघण्यासारखं होतं, पण मला घाई झाली होती.

पुढच्या अंगणात आमची माणसं भेटली. सगळी टाचांवर, चवड्यांवर नाचत खाली येत होती. कुणी रुमाल पायाला बांधला होता. जाऊ सावली बघून पाय टाकत होती. मला पाहून ती किंचाळली.

"वहिनी! चपला?"

"खाली आहेत."

"एकट्या?"

"मग काय, उठून चालायला लागतील?"

"अहो, माझ्या सँडल आहेत त्यात!"

"मग पळ. गिऱ्हाईक येऊन गेलंय."

"आणि तुम्ही कुठे निघालात? आम्ही अर्ध्यातून परत फिरलो. वर काही नाही, सगळं असंच आहे."

मी तशीच पुढे चढत राहिले. शेवटच्या चढाला तिरकी वर जाणारी लिफ्ट होती. मी पर्समधली नोट तिकिटाच्या खिडकीत पुढे केली, पलीकडच्या मुलीने तिकीट आणि सुटे दिले. बोलावं काहीच लागलं नाही.

मूर्ती चित्रातल्यापेक्षा मोठी होती. काळपट धातूची, भोवती जाडजूड खांब आणि वर छत. चेहरा बघायला मान पार मागे टाकावी लागत होती. डोळे अर्धे मिटलेले. मी हात जोडले न जोडले तोच पर्समधला फोन वाजायला लागला.

"वहिनी, सगळे बसमध्ये बसलेत. तुमच्यासाठी थांबलेत."

"थांबू देत."

"अहो, पुढे चॉकलेटच्या दुकानात जायचंय!"

मी फोन बंद केला. पण मग मन लागेना. मूर्तीकडे बघत होते आणि डोक्यात बस, चॉकलेट आणि त्या चपला. मागून एक फेरी मारावी, पलीकडून समुद्र दिसतो का बघावं, असं ठरवून वळले तर मॅनेजर धापा टाकत समोर उभा.

"चला आजी. प्लीज."

गेले. काय करणार? बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. एक जोडीसुद्धा हरवली नव्हती, तरी काका वाकून वाकून पायातल्या नव्या चपला बघत होते. चॉकलेटच्या दुकानात मात्र सगळे तासभर रमले. बायकांनी घरी न्यायला पिशव्या भरल्या. मी बसमध्येच बसून राहिले, या वेळी कुणी न सांगता. खिडकीतून तो डोंगर दिसत नव्हता, आड एक मोठी इमारत येत होती. जाऊ दोन पिशव्या घेऊन चढली आणि म्हणाली, "किती छान वेळ मिळाला ना इथे!"