कूलरची जाळी

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटवरची प्लॅस्टिकची पिशवी कधी निघाली नाही. फ्रिजच्या हँडलला कापडी मोजा, मिक्सरला झालरीचा झगा, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर आणखी एक चादर. हे सगळं बाबांचं. गिरणी बंद पडल्यावर जे काही हाती उरलं ते त्यांनी झाकून ठेवलं. लालबागच्या त्या एका खोलीत माणसंच तेवढी उघड्यावर आहेत, असं मी वैतागून म्हणायची.

धाकट्या भावाने मोटारसायकल घेतली तेव्हा पेढ्यांच्या आधी सीटचं कव्हर आलं. पुढे एकदा गावाहून येताना खडा उडाला आणि तिचा ऑइल कूलर फुटला. इंजिनाचं तापलेलं तेल थंड करणारी ही छोटीशी चौकट पुढच्या चाकाच्या मागे, इंजिनासमोर असते. चाक जे उडवतं ते आधी तिच्याच तोंडावर. सगळं तेल रस्त्यावर गेलं आणि गाडी टेम्पोत घालून आणावी लागली.

घोडपदेवच्या मेकॅनिकने नवा कूलर थोडा वर सरकवून बसवला. समोर जाळी लाव म्हणाला, पण मोठ्या भोकांची. "त्याला वारा लागला पाहिजे. नाहीतर लावून न लावल्यासारखाच."

भाऊ तशी जाळी आणेपर्यंत बाबा थोडेच थांबणार? त्यांनी खिडकीला लावतात ती डासांची जाळी कापली, दुहेरी केली आणि तारेने कूलरवर आवळून बसवली. काम इतकं नेटकं की कौतुकच करावं.

"आता दगड लागलो तरी काय्येक होवचा नाय," ते म्हणाले.

मी भावाला जिन्यात गाठलं. "मेकॅनिक काय बोलला विसरलास? काढ ती."

"असू दे गं. त्यांना बरं वाटतंय ना. काढीन नंतर."

माझा भाऊ बाबांना कशालाच नाही म्हणायचा नाही. मला त्याचा राग यायचा. अजून येतो.

त्या वर्षी गणपतीला आम्ही पुढे गेलो होतो, तो मागून गाडीवरच गावी निघाला. पाऊस होता, रस्ता उखडलेला होता, सगळीकडे तांबडा चिखल. घाटात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो पडला. मागून ट्रक येत होता. गावच्या घरी मखर सजलं होतं, आणि आम्ही त्याला घेऊन मुंबईला परतलो.

दिवसकार्य आटपल्यावर गाडी घोडपदेवला आणली. बाबा हट्टाने माझ्यासोबत आले. मेकॅनिकने इंजिन उघडलं, मग मला बाजूला घेतलं. "ताई, जाळी चिखलाने लिंपून गेली होती. हवाच नाही मिळाली. तेल उकळलं असणार." मी मागे पाहिलं. बाबा गाडीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी जाळीवरून अंगठा फिरवला तशी वाळलेल्या चिखलाची खपली खाली पडली.

"कूलराक काय झाला नाय मा?" त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. "नाही काका. साधा ओरखडापण नाही."

बाबांनी मान हलवली. त्यांना गदागदा हलवून सगळं सांगावं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी हे त्यांना कधीच कळू नये असंही वाटलं. गाडी भंगारात गेली.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून घरी आले तर खोली ओळखू येईना. सोफ्यावरच्या दोन्ही चादरी गेल्या होत्या. मिक्सर उघडा, फ्रिजचं हँडल उघडं. रिमोटवरची पिशवीसुद्धा फाडलेली होती आणि इतक्या वर्षांनी त्याची बटणं कोरी करकरीत दिसत होती. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. बाबा भावाच्या फोटोसमोर बसले होते. फोटोची काचही त्यांनी काढून ठेवली होती.

"बाबा, हे काय? धूळ बसेल ना."

"बसांदे," ते म्हणाले. "वारो लागाक होयो गो."