भुलीचा डॉक्टर पाहुणा म्हणून आला

सून टेबलावर होती, बाळ पोटात आडवं होतं आणि भूल द्यायला डॉक्टर नव्हता. डॉक्टरीणबाई फोनवर भुलीच्या डॉक्टरला विनवत होत्या. त्याचं एकच म्हणणं, संघटनेनं ठरवलंय, तुमच्याकडं कुणी यायचं नाही. आलो तर उद्यापासून दुसरा कुणी मला बोलावणार नाही.

कारण मला माहीत होतं. त्या गावातल्या डॉक्टरांनी मिळून सिझेरियनचा दर बांधला होता आणि बाई त्याहून कमी घेत. शिवाय ऊसतोडीच्या बायकांना दुसरीकडं गर्भाची पिशवी काढायला सांगितली की बाई तपासून म्हणत, गरज नाही, गोळ्या घे. म्हणून त्यांना वाळीत टाकलं होतं. वाळीत टाकणं आमच्या वस्तीला नवं नाही. शिकलेले लोकही तेच करतात, हे दवाखान्यात कळलं.

बीडपर्यंत सून टिकणार नाही, असं बाईंनी मला तोंडावर सांगितलं. गोड बोलल्या नाहीत, बरं केलं. मी फोन मागून घेतला.

"साहेब, तुमाला कुणी बघंल ह्याचंच भ्याव हाय ना? मग डॉक्टर म्हणून येऊच नका. आमचा पाव्हणा म्हणून या."

तो म्हणाला, कोपऱ्यावर गाडी पाठवा.

संघटनेच्या अध्यक्षाचा दवाखाना समोरच होता. माझ्या मुलानं भुलीच्या डॉक्टरला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. डोक्याला मुलाचा रुमाल, काखेत पिशवी. बाळंतपणाला आमच्याकडं निम्मी भावकी येते, त्यात एक वाढला तर कोण बघतो? पण माझ्या विहीणबाईंना काही माहीत नव्हतं. त्या दारात आडव्या झाल्या.

"बायांच्या खोलीत कुठं निघालाव?"

मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. तेवढ्यात तो आत गेला.

पुढं ग्राहकांच्या तक्रारी बघणारे दोन सरकारी अधिकारी तेलगावकडच्या आमच्या वस्तीवर आले. डॉक्टरांच्या संघटनेची चौकशी चालली होती. मी सगळं सांगितलं, भुलीच्या डॉक्टरचं नाव मात्र सांगितलं नाही. तो आधी नाही म्हणाला होता, पण आला होता. त्याला कशाला अडकवू? अधिकारी म्हणाले, आजी, त्यांनी स्वतः येऊन जबाब दिलाय. नाही म्हणाल्याचाही आणि पाहुणा होऊन गेल्याचाही.

संघटनेला तो ठराव मागं घ्यावा लागला. बाईंच्या दवाखान्यात आता भुलीचा डॉक्टर उघड पुढच्या दारानं येतो. मी सहसा कुणाचे उपकार मानत नाही. ह्या दोघांचे मानते, आणि चौकशीला उन्हातान्हात वस्तीवर आलेल्या त्या दोघांचेही.

सून जगली. नात जगली.