चंचीतला पेनड्राइव्ह

सुगंधाबाईच्या चंचीत पान, सुपारी, चुन्याची डबी आन् एक पेनड्राइव्ह असायचा. पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर दोरा बांधलेला. हर्सूलच्या गल्लीतल्या बाया हसायच्या. म्हणायच्या, म्हातारी आता सुपारीऐवजी हेच कातरून खाती का काय. सुगंधाबाई एक शिवी हासडायची आन् चंची कंबरेला खोचायची.

बाई जन्माची मेंढरांमागं हिंडलेली. देवगाव रंगारीला घर होतं ते नावाला, बाकी हयात माळावर गेली. तेरा सालच्या दुष्काळात माळावर कुसळ उरलं नाय. टँकरचं पाणी माणसांनाच पुरंना. नवरा मुंजाबा आधीच गेलेला, तवा सगळी मेंढरं हिनंच टेम्पोत चढवली. लेक अजिनाथ बाजूला उभा राहून मोबाईलवर ते चित्रण करत होता आन् ही त्याच्यावर खेकसत होती.

मग मायलेक शहरात आले. अजिनाथ शेंद्र्याच्या कंपनीत लागला. लग्न झालं, अंबिका घरात आली. पोरगी बारावी शिकलेली, टायपिंगला हात चांगला. अठरा साली अजिनाथनं तिच्यासाठी लॅपटॉप घेतला. पीकविम्याचे, शाळेचे, रेशनचे फॉर्म ती घरी बसून भरू लागली. गल्लीत तिचं नाव झालं.

लॅपटॉप आणला त्याच रविवारी अजिनाथ एक कोरा पेनड्राइव्ह लावून बसला. तासाभरात काम झालं, तवा तो त्यानं आईच्या हातात दिला आन् तिला कळंल असं सांगितलं.

"आये, कळप विकताना एक कोकरू बियाला मागं ठेवतेत ना? हे तसंच हाय. ही मशीन मेली तरी ह्यातून पुन्हा उभी राहती. जपून ठेव."

सुगंधाबाईनं ठेवलं.

पुढल्या उन्हाळ्यात, कंपनीतून येताना, जालना रोडवर पाण्याच्या टँकरखाली अजिनाथ सापडला. मोबाईलचा चुरा झाला. लोक पोचवून परतले, तेराव्यानंतर पाहुणे गेले आन् घरात दोघी बाया राहिल्या.

अजिनाथनं मोबाईलमधून उतरवलेलं तेरा सालचं ते चित्रण आता फक्त त्या लॅपटॉपमध्ये होतं. दोन मिनिटाचंसुद्धा नाय. टेम्पो, मेंढरं, धुरळा आन् मधी डोक्याला पदर गुंडाळलेली सुगंधाबाई. अजिनाथ त्यात कुठं दिसत नाय, नुसता ऐकू येतो. "आये, इकडं बघ की," असं तो हसत म्हणतो. तेवढंच. पुढं सुगंधाबाईच त्याला झोडपत राहती. रोज सांजच्याला अंबिकाचं काम आटोपलं की दोघी ते लावायच्या. सुगंधाबाई स्वतःलाच म्हणायची, गप की गं जरा.

अंबिकाला एकदा वाटलं होतं, हे दुसरीकडं उतरवून ठेवावं. सुगंधाबाईनं चंचीवर हात मारला. म्हणाली, कशाला? माझ्या कंबरेला हाय की सगळं.

एकवीस साली एका सकाळी लॅपटॉप निळा पडला आन् अठ्ठेचाळीस आकडे मागू लागला. असा काही आकडा असतो हेच अंबिकाला मालूम नव्हतं. दोघी टीव्ही सेंटर चौकात सुदर्शनच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तो म्हणाला, आतली डिस्क कुलूपबंद हाये. आकडा तुमच्या मालकाच्या इंटरनेटवरच्या खात्यात असणार, आन् खातं उघडायचं तर त्यांच्याच नंबरवर मेसेज जाणार. तो नंबर बंद पडून दुसऱ्याच कुणाला गेलेला.

सुगंधाबाई मात्र निवांत होती. तिनं चंची सोडली, दोरा सोडला आन् पेनड्राइव्ह ठेवला त्याच्या पुढ्यात.

सुदर्शननं तो आपल्या मशीनला लावून नीट बघितला.

"मावशी, ह्यात मशीनचंच सामान हाये. तुमच्या पोराचं काही नाय."

"पुन्हा बघ. माझं लेकरू खोटं बोलायचं नाय."

"खोटं नाय बोलला तो. मशीन उभी राहती ह्यातून. पण कोरी. आतलं सगळं पुसून."

सुगंधाबाई स्टुलावर बसली. मागं ठेवलेल्या कोकरापासून कळप पुन्हा होतो, हे खरं. पण टेम्पोत गेलेलं एक बी मेंढरू त्यात नसतं. साठ वर्सं मेंढरात काढलेल्या बाईला हे कुणी सांगायची गरज नव्हती, आन् तरी तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

अंबिकानं लॅपटॉप तसाच घरी आणला, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. आत्या, असू द्या बंद, आत तर हायेत ना ते, म्हणाली. आन् शेंद्र्याला एका कॅन्टीनात पोळ्या लाटायला जाऊ लागली. पहाटं जायची, तव्यानं बोटं भाजून घेऊन यायची. फॉर्मवाले दारातून माघारी जायचे. महिनाभर सुगंधाबाईनं हे बघितलं. मग एका सुट्टीच्या दिवशी कपाटातून गाठोडं काढलं आन् सुनेला म्हणाली, "चल."

"आत्या, नको."

"आत हाय म्हणती. मला दिसत नाय, तुला ऐकू येत नाय. त्यानं हे तुझ्यासाठी घेतलं व्हतं, कपाटासाठी नाय. ऊठ."

सुदर्शननं दोनदा विचारलं. सगळं जाईल, मावशी. सुगंधाबाई म्हणाली, "लाव."

अंबिका भिंतीकडं तोंड करून बसली. सुगंधाबाई पडद्यासमोरनं हलली नाय. टक्क्यांचा आकडा चढत होता, दहा, अठरा, तीस; ती प्रत्येक आकड्याला डोळ्यानं मागं ओढत असल्यासारखी बघत होती. शंभर झाले. मशीन बंद पडून पुन्हा लागली आन् विचारू लागली, आता वापरणाराचं नाव काय.

सुदर्शननं लॅपटॉप अंबिकापुढं सरकवला. अंबिकानं सासूकडं बघितलं.

"तुझंच टाक," सुगंधाबाई म्हणाली.

पानंच्या पानं न बघता टाइप करणारी पोरगी, तिला आपल्या नावाची अक्षरं सापडंनात.

घरी आल्या तर दारात दोन माणसं फॉर्म घेऊन उभी. सुगंधाबाईनं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग मोरीत गेली, दार लावलं, नळ सोडला आन् रडून घेतलं. लेकाला पोचवला त्या दिवशी ती एवढी रडली नव्हती.