एका माणसाला चार

टोकियोतल्या अकिहाबारा या विजेच्या सामानाच्या बाजारात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आमच्या स्विचांच्या गाळ्याला लागूनच कुवाबारा मावशींचा गाळा. दीड चटईची जागा, भिंतभर नऊशे खण आणि मधोमध एकाहत्तर वर्षांच्या मावशी, बरणीत बसवल्यासारख्या. त्या ट्रान्झिस्टर विकतात, डाळीच्या दाण्याएवढे, तीन पायांचे. चारशे बाराव्या खणातला ट्रान्झिस्टर कारखान्याने अकरा वर्षांपूर्वीच बंद केला. उरलेसुरले काय ते मावशींकडे.

दरवर्षी मार्चअखेरीस नुकिना नावाचे दुरुस्तीवाले त्यातले आठ न्यायचे. बालवाड्यांचे जुने ऑर्गन एप्रिलच्या प्रवेश समारंभाआधी सुरू करून देणं, हे त्यांचं काम.

यंदा जानेवारीत एका मासिकाने घरी बनवायच्या ॲम्प्लिफायरची आकृती छापली. त्यात नेमका हाच ट्रान्झिस्टर. दुसऱ्या दिवशी गाळ्यापुढे हौशी मंडळींची रांग. मावशींनी चिठ्ठी लावली, 'एका माणसाला चार'. एक निवृत्त गृहस्थ तीनदा आले. आधी नुसते, मग टोपी घालून, मग टोपी आणि मास्क.

"तुम्ही मघाशी येऊन गेलात."

"तो माझा भाऊ."

"खोकतोही अगदी तुमच्यासारखाच," म्हणत मावशींनी चार मोजून दिले. मग बाबांना म्हणाल्या, "खोटं बोलायला बिचाऱ्याला दर वेळी तीन मजले चढावे लागले."

"नुकिनांचे आठ बाजूला ठेवा की," बाबा म्हणाले.

"खणात आहे ते विकायचं. लपवायचं नाही. आमचे हे तसंच सांगून गेलेत."

"ते गेले. ऑर्गन आहेत अजून."

मावशी नुसता गुडघा चोळत राहिल्या. फेब्रुवारीत खण रिकामा झाला.

अठ्ठावीस मार्चला नुकिना आले. त्यांनी खण ओढला, आत बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली.

"आठ दिवसांवर समारंभ आलाय, मावशी."

मावशींनी भरदुपारी गाळ्यावर कापड टाकलं. असं कधी झालं नव्हतं. "हौस दोन महिने टिकते," त्या म्हणाल्या. "आता भंगारात यायला लागली असेल. चला."

इमारतीतल्या भंगाराच्या खोक्यांत लोक अर्धवट सोडलेली कामं स्वस्तात टाकून जातात. मावशी मजल्यामजल्यावर वाकून खोके उपसत होत्या. संध्याकाळपर्यंत चार अर्धेमुर्धे ॲम्प्लिफायर सापडले, प्रत्येकात दोन ट्रान्झिस्टर. ते त्यांनी स्वतः डाग वितळवून सोडवले.

"पाय आखूड आहेत यांचे," नुकिना कुरकुरले.

"तुमचेही आहेत. चालता ना?"

मीटर लावला. सात जिवंत, एक मेलेला.

नुकिनांनी तो एक बाजूला सरकवला. "सगळ्यात खालचा सूर मुका ठेवतो. पोरांचा आवाज तिथवर उतरत नाही."

"बालवाडीच्या बाईंना कळेल."

"बाईंना सांगू, थंडी बाधलीय त्याला."

ते गेल्यावर मावशींनी रिकाम्या खणावरची चिठ्ठी सोलून काढली. एप्रिलमध्ये बाबा मासिकाचा नवा अंक घेऊन आले. मावशींनी तो उघडलाच नाही. जपून ठेवलेली तीच चिठ्ठी पुढे सरकवली आणि विचारलं, "या वेळी कुठल्या खणावर लावू?"