ताईला घरी न्यायची घाई

"ट्यूबरक्युलस मेनिंजायटिस," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला झालेला क्षय. पाठीतून काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला होता. तोवर माझी ताई हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

ताई आणे गावची सून, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडायची. कित्येक आठवडे ताप, उलट्या, डोकं ठणकायचं. टायफॉइड समजून सलाइन लावलं. बरळायला लागली, तर बाहेरचं झालं म्हणून अंगारा. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आणली ती शेवटी. कुणाला राग आला तरी चालेल, पण हा उशीर आपण केला.

दाजींचे चुलते नाना यांनी सगळे विचारतात तेच विचारलं. "किती टक्के?"

मॅडम आकडा देईनात. "शुद्ध किती आहे, मेंदूत पाणी किती साठलंय, उपचाराला किती उशीर झालाय, यावरून अंदाज बांधतो. अशा अवस्थेत आलेले बरेच जण वाचत नाहीत. वाचले तरी काहींना अधूपण राहतं."

नानांनी बाहेर येऊन आळेफाट्याला फोन लावला, गाडी सांगितली. "घरी नेऊ. डोळं तरी आपल्या दारात मिटू द्या."

"बरेच जण म्हणाल्या त्या, नाना. ताई वाचणार नाही, असं नाही म्हणाल्या."

"तू जा, तुझी ती आरोग्याची पत्रकं वाट गावोगाव."

घरी न्यायच्या कागदावर सही करायला दाजींनी पेन उचललं, तेवढ्यात मॅडम आल्या. "अंदाज काढतो तो कुणाकडे जास्त धावायचं हे कळावं म्हणून. आजच नळी टाकून मेंदूतलं पाणी काढायचंय. आणि तुम्ही गाडी बघताय?"

दाजींनी पेन ठेवलं. "गाडी माघारी लावा, नाना. ती हाय अजून."

नळी टाकली. क्षयाची औषधं, सूज उतरायला स्टेरॉइड. दिवसचे दिवस फरक नाही. शेजारच्या खाटेवरची बाई गेली. तिच्या माणसांनीही काही कमी केलं नव्हतं. हे लपवून तुम्हाला धीर देणार नाही मी. पण ताप हटत नसेल, डोकं दुखत असेल, माणूस वेगळं वागत असेल, तर "क्षय तपासला का?" असं तोंडावर विचारा.

ताई शुद्धीवर आली. उजवा हात लुळा आहे, शब्द अडकतात. मॅडमचा अंदाज तेवढा खरा ठरला. त्यांचे उपकार आहेतच.

रोज संध्याकाळी नाना तिला अंगणात चालवतात. नानांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, तरी बघत बसते.

"सावकाश, पोरी. पडशील."

"तुमीच... पडाल, नाना," ताई म्हणते, आणि त्यांचा हात आणखी घट्ट धरते.